इंग्रजी शिकणाऱ्यांचा शब्दसंग्रह वाढवायचा तर नेमके काय करावे?

निळी शाई

मी प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका गटाला संध्याकाळच्या वेळात इंग्रजी शिकवते. बहुतेकांचे व्याकरण कामापुरते पक्के आहे आणि साधा मजकूर ते न अडखळता वाचतात. परंतु बोलायला किंवा लिहायला बसले, की ‘गुड’, ‘बॅड’, ‘थिंग’ आणि ‘व्हेरी’ यांच्यापलीकडे गाडी जात नाही. प्रत्येकाकडे एक वही आहे. तिच्यात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मातृभाषेतला अर्थ, अशी पानेच्या पाने भरलेली आहेत. रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम त्यांनी स्वतःहून घातला आहे. दुसऱ्या दिवशी विचारले तर धडाधड उत्तरे येतात. आठवड्याने विचारले तर निम्म्याहून अधिक शब्द पुसले गेलेले असतात, आणि जे उरतात तेही वहीबाहेर पडत नाहीत.

मला चार गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. कोणते शब्द आधी शिकवावेत? पाठांतरावर भर द्यावा की वाचनावर? अर्थ मातृभाषेत सांगावा की इंग्रजीतच? आणि ओळखीचा झालेला शब्द प्रत्यक्ष तोंडी यावा, यासाठी काय करावे? चौथा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो.

खडूफळा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी ठरलेले आहे: जे शब्द सर्वाधिक वेळा भेटतात, ते आधी. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती आज जुनी झाली असली, तरी साधारण इंग्रजी मजकुराचा चार-पंचमांश भाग एवढ्याच शब्दांनी आणि त्यांच्या रूपांनी व्यापलेला असतो, ही त्यामागची गोष्ट अजूनही तितकीच खरी आहे. त्यापुढे ज्यांना उच्च शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे यांच्या गटांची, यादी आहे. शैक्षणिक लेखनातले जवळजवळ दहा टक्के शब्द त्या यादीतले असतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण अगदी नगण्य आहे. म्हणजे यादी निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याला काय वाचायचे आहे, हे विचारले पाहिजे.

पुढची चढण मात्र मोठी आहे. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्याही मदतीवाचून वाचायचे, म्हणजे त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात. बोललेले इंग्रजी समजून घेण्यासाठी सहा ते सात हजार पुरतात. एवढे शब्द वर्गात शिकवून होणार नाहीत, हे उघड आहे. पहिले दोन-तीन हजार मुद्दाम, चिकाटीने शिकवावेत आणि पुढचे स्वतः मिळवण्याची रीत शिकवावी, असे माझे मत आहे.

उंबराचे फूल

खडूफळा यांच्याशी अर्धा सहमत आहे. याद्या लहान मुलांच्या किंवा परीक्षार्थींच्या बाबतीत ठीक आहेत, परंतु प्रौढ माणूस एखाद्या कामासाठी इंग्रजी शिकत असतो. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला ‘स्वेलिंग’ आणि ‘डिझी’ हे शब्द आजच्या आज हवे असतात. ते पहिल्या दोन हजारांत आहेत की नाहीत, याच्याशी तिला कर्तव्य नसते. विद्यार्थ्याने त्या आठवड्यात कुठे शब्द न सुचल्यामुळे गप्प बसावे लागले, हे टिपून आणावे आणि वर्गाची सुरुवात तिथून करावी.

यादीच हवी असेल, तर इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन यांची तीन स्तरांची विभागणी मला अधिक उपयोगी वाटते. पहिल्या स्तरात रोजच्या बोलण्यातले सोपे शब्द, तिसऱ्या स्तरात एकेका विषयाच्या परिभाषेतले शब्द, आणि मधल्या स्तरात ‘अव्हॉइड’, ‘रिक्वायर’, ‘ग्रॅज्युअल’ यांसारखे, जे कोणत्याही विषयात भेटतात पण कोणीही मुद्दाम शिकवत नाही असे शब्द. तुमच्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा याच मधल्या स्तरावर आहे.

पानोपानी

मला हा सगळा याद्यांचा खटाटोपच अनावश्यक वाटतो. मी शब्द पाठ केले नाहीत, वह्या केल्या नाहीत. हाती येतील त्या रहस्यकथा वाचत गेलो आणि इंग्रजी आले. शब्द वाक्यात भेटतो, पुन्हा भेटतो, तिसऱ्यांदा भेटल्यावर आपला होतो. विद्यार्थ्यांच्या हाती सोपी, गोडी लागेल अशी पुस्तके द्यावीत आणि बाजूला व्हावे. पाठांतराने शब्दांविषयी धास्ती तेवढी निर्माण होते.

तळटीप

पानोपानी, तुमची गोडी मान्य, परंतु हिशेब तुमच्या बाजूचा नाही. वारंवारतेच्या क्रमवारीत पाच हजाराव्या जागेच्या आसपासचा शब्द लाखभर शब्दांच्या मजकुरात जेमतेम एक-दोनदा येतो. साधारण कादंबरी ऐंशी हजार ते एक लाख शब्दांची असते. म्हणजे तो शब्द पुस्तकागणिक एकदाच भेटणार. पुढचे पुस्तक वाचून होईपर्यंत पहिली भेट विस्मरणात गेलेली असणार. तुम्ही भरपूर वाचले असेल, म्हणून तुमचे निभावले. आठवड्यातून दोन तास मिळणाऱ्या माणसाला ही चैन परवडत नाही.

दुसरे असे, की संदर्भावरून अर्थ ताडता येतो हे अर्धसत्य आहे. ‘ही अग्रीड रिलक्टंटली’ एवढेच वाक्य समोर असेल, तर वाचणारा ‘तो आनंदाने तयार झाला’ असेही समजू शकतो, ‘लगेच तयार झाला’ असेही समजू शकतो, आणि दोन्ही अर्थ वाक्यात चपखल बसतात. त्याच्या मनात खरोखर चलबिचल होती, हे कळायला आसपासची आणखी चार वाक्ये समजावी लागतात. ज्याला शंभरातले दहा शब्द अडतात, त्याला ती चार वाक्येही धड समजत नसतात.

पानोपानी

हिशेब मान्य आहे. तरी एक सांगतो: रहस्यकथेत चुकीचा अर्थ धरून चालले, तर खुनी भलताच निघतो. तिथे चूक आपोआप कळते.

जुनी वही

वाचन विरुद्ध पाठांतर या वादात मूळ दुखणे बाजूला राहत आहे. निळी शाई यांचे विद्यार्थी पाठांतर करतात, पण त्यांची पद्धत चुकते. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांवर, स्वतःलाच प्रयोगाचा विषय करून, १८८५ मध्ये दाखवून दिले की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी लांबत जाणाऱ्या अंतरांनी केली पाहिजे. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत, न बघता आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. दोन रकान्यांच्या वहीत नजर उजवीकडे सरकते आणि ‘येतेय मला’ असा समज होतो. त्या वहीचा दोष इथे आहे.

यावर सेबास्टियान लाइटनर यांची १९७० च्या दशकातली खोक्याची युक्ती मला अजूनही सर्वांत सरळ वाटते. पाच खणांचे एक खोके घ्यावे. प्रत्येक शब्दासाठी एक पत्ता, म्हणजे छोटे कार्ड करावे. नवे पत्ते पहिल्या खणात ठेवावेत आणि तो खण रोज काढावा. उत्तर आले की पत्ता पुढच्या खणात जातो, चुकले की कोणत्याही खणातून थेट पहिल्या खणात परत येतो. दुसरा खण दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असे अंतर वाढत जाते. जे येते त्यावर वेळ जात नाही, आणि जे छळते ते रोज समोर येते. ‘अँकी’सारखी अॅप्स हेच अंतर आपोआप मोजतात, फोनवर इतर काही न उघडण्याचा निग्रह असेल, तर ती उत्तमच.

ऐकीव

माझ्या पाचव्या खणात सध्या एकच शब्द पोहोचला आहे, ‘फरगेट’.

काना-मात्रा

जुनी वही, खोके चांगले आहे, परंतु पत्त्यावर काय लिहायचे हा खरा प्रश्न आहे. एकीकडे शब्द आणि दुसरीकडे अर्थ लिहिला, तर ती वहीच तुकडे करून खोक्यात घातल्यासारखे होईल. जे. आर. फर्थ या भाषावैज्ञानिकाने १९५७ मध्ये म्हटले होते की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो. निर्णय ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. ‘मिस्टेक’ हा शब्द ज्याला येतो, तोही ‘ही डिड अ बिग मिस्टेक’ लिहितो, कारण ‘मेक अ मिस्टेक’ हा जोड त्याच्या वहीत कधी आलाच नाही.

‘कॉज’ हे क्रियापद पाहा. अर्थ एका शब्दात सांगता येतो, म्हणून ते सोपे समजले जाते. परंतु हे क्रियापद बहुतेक वेळा नुकसान, उशीर, त्रास, गोंधळ अशा नको असलेल्या गोष्टींबरोबरच येते. एखाद्याने ‘युवर व्हिजिट कॉज्ड मच हॅपिनेस’ लिहिले, तर व्याकरण निर्दोष असूनही इंग्रजी वाचकाला ते वाक्य खटकते. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या मोठ्या साठ्यावरून, १९८७ मध्ये तयार झालेल्या ‘कोबिल्ड’ शब्दकोशाने म्हणूनच अर्थ पूर्ण वाक्यांत द्यायला सुरुवात केली. कर्ता कोण असतो आणि कर्म कशा प्रकारचे असते, हे व्याख्येतच दिसते. पत्त्यावर एक छोटे वाक्य लिहून शब्दाची जागा रिकामी ठेवावी आणि मागे शब्द लिहावा. आठवताना संगतही आठवते.

पडवी

शब्दकोशाचा विषय निघालाच आहे, म्हणून थोडे अवांतर. शिकणाऱ्यांसाठी वेगळा शब्दकोश हवा, ही कल्पना आपण आता गृहीत धरतो. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह असा कोश तयार केला. तो तोक्योमध्ये १९४२ साली निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. लाँगमनचा १९७८ चा कोश त्याहून एक पाऊल पुढे गेला. त्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार ठरावीक शब्दांत बसवल्या होत्या. म्हणजे खडूफळा यांनी सांगितलेले पहिले दोन हजार शब्द आले, की उरलेले इंग्रजी इंग्रजीतूनच उलगडण्याची किल्ली हाती येते. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर: अर्थ इंग्रजीतच द्यावा.

तळटीप

पडवी, ज्याचे ते दोन हजार शब्द अजून झालेले नाहीत, त्याला ही किल्ली उपयोगाची नाही. त्याने एका शब्दासाठी कोश उघडला, की व्याख्येतले तीन नवे शब्द शोधावे लागतात. ‘स्पून’ चित्राने दाखवता येतो, ‘क्रॉल’ रांगून दाखवता येते. ‘ऑल्दो’चा अभिनय कोणी करून दाखवणार असेल, तर मी तिकीट काढून येईन. मातृभाषेतला अर्थ पाच सेकंदांत सांगावा आणि वाचलेली मिनिटे तो शब्द वापरण्यात घालवावीत. अडचण मातृभाषेची नाही. अर्थ सांगितला म्हणजे शब्द शिकवून झाला, या समजुतीची आहे.

पडवी

अभिनयाचा मुद्दा मान्य. सुरुवातीला दोन्ही भाषांतला कोश आणि दोन हजारांच्या पुढे इंग्रजीतला, एवढी तडजोड मी करतो.

उंबराचे फूल

एक सावधगिरी कोणी अजून सांगितलेली नाही. पाठ्यपुस्तकांत नवे शब्द गटाने देतात: सगळे रंग एकत्र, सगळे नातेवाईक एकत्र, विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या एकत्र. दिसायला हे नीटनेटके असते, पण शिकायला घातक असते. थॉमस टिंकम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना, असंबद्ध शब्द शिकणाऱ्यांपेक्षा अधिक कष्ट पडले. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकाच दिवशी शिकवले, की पुढे कित्येक वर्षे त्या व्यक्तीला कोण देतो आणि कोण घेतो, याचा क्षणभर विचार करावा लागतो. आधी ‘बॉरो’ शिकवावा, तो बोलण्यात सहज येऊ द्यावा, आणि मगच काही आठवड्यांनी ‘लेंड’चे नाव काढावे.

स्वल्पविराम

एका शब्दाची रूपे मात्र एकत्र शिकवावीत, असे मला वाटते: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘इनडिसायसिव्ह’. अशी पंधरा-वीस उपसर्ग-प्रत्ययांची ओळख झाली, की एका शब्दाच्या कष्टात तीन-चार शब्द पदरात पडतात. शिवाय ‘स्पेक्ट’सारखा लॅटिन धातू ‘इन्स्पेक्ट’, ‘स्पेक्टेटर’, ‘रेट्रोस्पेक्ट’ अशा अनेक ठिकाणी भेटतो आणि पाहण्याचा अर्थ सोबत आणतो.

ऐकीव

‘अन्हॅपी’ म्हणजे जो हॅपी नाही तो, ‘अन्फेअर’ म्हणजे जे फेअर नाही ते. या हिशेबाने ‘अंकल’ म्हणजे कोण?

स्वल्पविराम

हा विनोद असला, तरी अडचण खरी आहे. ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाच्या सुरुवातीचे ‘इन’ नकारार्थी समजून ‘न पेटणारे’ असा अर्थ करणे थेट धोक्याचे आहे, कारण त्याचा अर्थ ‘सहज पेटणारे’ असा होतो. फोड करून अर्थ ताडावा, पण कोशात तपासल्याशिवाय तो पक्का धरू नये.

ऐकीव

आता गंभीरपणे एक भर घालतो. तुम्ही सगळे डोळ्यांनी शिकवण्याबद्दल बोलत आहात. ‘कम्फर्टेबल’ वाचता येणारी व्यक्ती तोच शब्द भरभर बोललेला ऐकते, तेव्हा मधला एक स्वर गळालेला असतो आणि तिला तो नवाच शब्द वाटतो. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. शब्दकुटुंब कागदावर एकत्र दिसते, कानाला ते तीन परके शब्द वाटतात. पत्ता खोक्यात टाकण्यापूर्वी शब्द मोठ्याने म्हणावा आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ मारावी.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या तीन प्रश्नांवर मला बरेच काही मिळाले. चौथ्याकडे मात्र अजून कोणी वळलेले नाही. समजा, रिकाम्या जागेचे वाक्य पत्त्यावर आले, उत्तरही अचूक येऊ लागले. तरी बोलताना ‘व्हेरी गुड’च बाहेर पडत असेल, तर पुढे काय?

खडूफळा

पुढे मागणी कमी करायची. ओळखायचे शब्द आणि वापरायचे शब्द हे दोन वेगळे हिशेब आहेत. आपण स्वतःच्या भाषेतही जितके शब्द समजून घेतो, त्यांच्या तुलनेत फार थोडे बोलतो. रोजच्या दहाही शब्दांनी तोंडी यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या दहांतले दोनच ‘वापरायचे’ म्हणून निवडावेत; उरलेले आठ वाचताना ओळखता आले, तरी त्यांचे काम झाले. निवडलेल्या दोघांवर मात्र आठवडाभर हात राखू नये.

काना-मात्रा

हात कसा राखायचा नाही, तेही सांगतो. ‘चार-तीन-दोन’ या नावाने ओळखला जाणारा एक सराव आहे. विद्यार्थ्याने एकाच विषयावर आधी एका श्रोत्यासमोर चार मिनिटे बोलायचे, मग तेच दुसऱ्या श्रोत्यासमोर तीन मिनिटांत आणि तिसऱ्यासमोर दोन मिनिटांत सांगायचे. श्रोता बदलल्यामुळे पुन्हा सांगणे कृत्रिम वाटत नाही. वेळ आखडत गेल्यामुळे शब्द शोधायला उसंत राहत नाही, आणि जे पहिल्या फेरीत अडखळत सापडले, ते तिसऱ्या फेरीत जिभेवर असते. निवडलेले शब्द पहिल्या फेरीपुरते फळ्यावर ठेवावेत आणि दुसऱ्या फेरीआधी पुसून टाकावेत.

पानोपानी

फळ्यावरचे शब्द वापरायला लावले, की ‘आय रिलक्टंटली ड्रँक वॉटर’ अशी वाक्ये तयार होतात. शब्द वापरला जातो, पण गरज नसताना. याला वापर म्हणायचे का?

काना-मात्रा

रास्त आक्षेप आहे. म्हणून विषय असा द्यावा, की त्या शब्दावाचून अडेल. ‘डिले’, ‘रिफंड’ आणि ‘रिप्लेस’ शिकवायचे असतील, तर मागवलेली वस्तू उशिरा आणि मोडकी आल्याची तक्रार दोघांना फोनवर बोलतात तशी पाठीला पाठ लावून करायला सांगावी. हातवारे दिसत नाहीत, त्यामुळे ‘थिंग’ आणि ‘बॅड’ यांवर भागत नाही. समोरच्याने मुद्दाम ‘मग आपल्याला नेमके काय हवे आहे?’ असे विचारत राहावे. तुमच्या ‘रिलक्टंटली’साठी मनाविरुद्ध होकार द्यावा लागल्याची हकिगत सांगायला लावावी.

निळी शाई

हे उद्यापासून करता येण्यासारखे आहे. वह्या लगेच बंद करायला सांगणार नाही, कारण त्यांच्यावर त्यांची माया आहे. पण प्रत्येक पानातून दोन शब्द निवडून त्यांचे पत्ते करायला लावीन. एकच शंका उरते: पत्त्यावरचे वाक्य मी लिहून द्यावे, की त्यांनी स्वतः तयार करावे?

जुनी वही

त्यांनीच करावे, आणि शक्यतो स्वतःच्या आयुष्यातले करावे. स्वतः रचलेले वाक्य अधिक काळ लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. मात्र पत्ता खोक्यात जाण्यापूर्वी तुमच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. ‘डिड अ मिस्टेक’ लिहिलेला पत्ता एकदा खोक्यात गेला, तर तो त्याच शिस्तीने पाचव्या खणापर्यंत पोहोचतो, आणि तिथून त्याला परत आणणे फार कष्टाचे होते.